तर्शिच : जळलेल्या घराचं गाव

पहिला दिवस : बेलग्रेड

व्हिएन्नाहून रात्री सुटणाऱ्या बेलग्रेडच्या बसमध्ये हौसेने निघालेले आम्ही दोघंच असू. बाकी सगळे घरी चाललेले. कुणाच्या मांडीवर चॉकलेटचे डबे, बसच्या पोटात कुणाचं मिक्सरचं खोकं, तर कुणी चक्क नवा नळ घेऊन निघालेलं. १९६०च्या दशकात युगोस्लावियातून कामगार ऑस्ट्रिया-जर्मनीकडे यायला लागले. आता त्यांची नातवंडं व्हिएन्नात शाळेत जातात, पण घर बांधायचं ते अजूनही गावाला. शेजारच्या काकूंनी कुठे निघालात म्हणून विचारलं. तर्शिच म्हटल्यावर त्यांनी आधी आम्हाला नीट न्याहाळलं आणि मग मागच्या सीटवर मोठ्याने कळवलं, "हे भारतातले लोक वुकच्या गावी चाललेत!" मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

हा वुक म्हणजे वुक स्तेफानोविच कराजिच. जन्म १७८७, पश्चिम सर्बियातल्या तर्शिच गावी, एका शेतकऱ्याच्या घरी. मृत्यू १८६४, व्हिएन्नात. आज सर्बियन भाषा ज्या लिपीत आणि ज्या वळणाने लिहिली जाते ती याने बसवली. त्याच्या आधी सर्बियन विद्वान जी भाषा लिहीत ती चर्चच्या जुन्या स्लाव्ह भाषेची आणि रशियनची खिचडी होती. शेतकऱ्याला ती कळत नसे आणि विद्वानांना त्याचं काही वाटतही नसे. वुक म्हणाला, बोलता तसं लिहा आणि लिहिलंय तसं वाचा. त्याने एका ध्वनीला एक अक्षर या हिशेबाने तीस अक्षरं ठरवली, जुनी निरुपयोगी अक्षरं काढून टाकली आणि नवी घातली. त्यांतलं एक लॅटिनमधून उचललं म्हणून मोठंच वादळ उठलं. हा माणूस आपल्याला कॅथलिक करायला निघालाय, असं चर्चचे वरिष्ठ म्हणू लागले. मेट्रोपॉलिटन, म्हणजे चर्चचे प्रमुख, स्त्रातिमिरोविच तर त्याचे हाडवैरी झाले.

बेलग्रेडच्या मुख्य चर्चच्या, म्हणजे साबोर्ना चर्चच्या, दाराबाहेरच त्याची कबर आहे. आधी तो व्हिएन्नात सेंट मार्क्सच्या दफनभूमीत होता, १८९७ मध्ये अवशेष इकडे आणले. चर्चने आयुष्यभर ज्याला छळलं त्याला अखेर चर्चच्याच दारात जागा मिळाली, यातली गंमत कबरीवर फुलं ठेवणाऱ्या कुणाच्या लक्षात येत नसावी. जवळच दोर्चोल भागात एक तुर्की धाटणीचं जुनं घर आहे. तुर्कांविरुद्धच्या पहिल्या सर्बियन उठावाच्या काळात, १८०८ साली, इथे वरिष्ठ शाळा सुरू झाली आणि वुक तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. आता तिथे त्याचं आणि त्याच्या आधीच्या पिढीतला लेखक दोसितेय ओब्रादोविच याचं संग्रहालय आहे.

वुकच्या शब्दकोशाची गोष्ट माहीत असली तर हे संग्रहालय दुप्पट आवडतं. १८१८ साली व्हिएन्नात छापलेल्या या कोशात २६,२७० शब्द होते, अर्थ जर्मन आणि लॅटिनमध्ये. सगळे खेड्यातले शब्द, नांगराच्या भागांपासून लग्नातल्या रिवाजांपर्यंत. आणि शिव्याही. लोक बोलतात ना, मग लिहायच्या, हा त्याचा साधा न्याय. भद्र लोकांनी कानांवर हात ठेवले. १८५२च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द ४७ हजारांवर गेले, पण अश्लील शब्द गाळावे लागले. माझ्या मते पहिली आवृत्तीच खरी.

दुसरा दिवस : लोझनित्सा

बेलग्रेडहून लोझनित्साला बस शाबात्समार्गे जाते. माचवाचा सपाट प्रदेश, मका कापून मोकळी झालेली शेतं, रस्त्याकडेला मिरच्यांची पोती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे घरोघरी लाल मिरच्या भाजायचं काम चालू असतं. आयवार, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची चटणी, करून बरण्या भरायच्या असतात, त्यामुळे बसच्या खिडकीतूनही भाजलेल्या मिरचीचा वास येतो. हळूहळू डावी-उजवीकडे डोंगर सरकून येतात. उत्तरेला त्सेर, पुढे गुचेवो, मधली खोरी यादार नदीची. पलीकडे द्रिना, आणि द्रिनेपलीकडे बोस्निया.

लोझनित्सा गावात फार वेळ घालवावा असं नाही. भूगोलतज्ज्ञ योवान त्स्वियिच इथला, जन्म १८६५. कार्स्ट, म्हणजे चुनखडीच्या भूरूपांचा अभ्यास त्याच्यामुळे जगात मान्य झाला. एके काळी गावात विस्कोझा नावाचा कृत्रिम धाग्याचा अवाढव्य कारखाना होता, हजारो लोकांना पोसायचा. तो बंद पडला आणि त्याबरोबर गावातली तरुण पोरंही पांगली. व्हिएन्नाच्या बसमध्ये भेटलेली ती माणसं कुठून आली, हे इथे कळतं.

आमचा मुक्काम तर्शिचमध्ये, एका घराच्या वरच्या मजल्यावर. घरमालक आजोबा व्हिएन्नात तीस वर्षं गवंडीकाम करून निवृत्त झालेले. त्यामुळे संभाषण जर्मनमध्ये, आणि तेही अस्सल व्हिएन्नाच्या बोलीत. आमच्या ऑफिसातल्या जर्मनपेक्षा त्यांचीच जास्त जिवंत. आम्ही दारात बूट काढतोय तोवर आजीबाई ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये काचेच्या वाटीत प्लमचा मुरांबा, त्याला इथे स्लात्को म्हणतात, शेजारी चमचे आणि पाण्याचे पेले. आलेल्या पाहुण्याने एक चमचा मुरांबा खायचा, पाणी प्यायचं आणि चमचा रिकाम्या पेल्यात टाकायचा. एकच चमचा. माझ्या नवऱ्याने दुसऱ्यांदा वाटीकडे हात नेला तेव्हा आजींनी हसून वाटी त्याच्याकडे सरकवली, पण आजोबांनी भुवई उंचावली ती मी पाहिली.

जेवायला बीन्सची आमटी, प्रोया म्हणजे मक्याची भाकर, ताजं कायमाक. कायमाक म्हणजे दूध तापवून वर धरलेल्या सायीचे थर मीठ लावून मुरवलेले. मी मांस खात नाही म्हटल्यावर आजी गडबडल्या नाहीत. ऑर्थोडॉक्स उपवासांच्या दिवसांत मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ त्यांच्या सवयीचे आहेत. "उपवास आहे असं समजू," त्या म्हणाल्या.

तिसरा दिवस : वुकचं घर

तर्शिच हे दोन गावांचं गाव आहे. एक रोजचं, जिथे पत्र्याची छपरं, ट्रॅक्टर आणि प्लमच्या बागा आहेत. दुसरं झेराविया नावाच्या छोट्या ओढ्याच्या काठचं, आखीव, सांभाळलेलं, शाळेच्या सहली येतात ते. ओढ्याच्या काठाने चालत गेलं की आधी एक मोठं मोकळं प्रेक्षागृह लागतं. दर सप्टेंबरमध्ये इथे वुकचा साबोर भरतो, म्हणजे मेळा. पहिला १९३३ साली भरला. आम्ही गेलो तेव्हा साबोर होऊन गेलेला, रंगमंचावर वाळलेली पानं, आणि कुणीतरी बाकांवर अक्रोड सुकत घातले होते.

तिथून चढावर लाकडी घरं सुरू होतात. वुकचं घर चढावर आहे, खाली दगडी तळघर, वर ओंडक्यांचं घर आणि लाकडी फळ्यांचं उंच उतरतं छप्पर. दाराशी पाटी आहे. तिच्यावर स्पष्ट लिहिलंय की मूळ घर तुर्कांविरुद्धच्या उठावाच्या धामधुमीत जळलं आणि हे घर १९३३ मध्ये जुन्या पायावर उभारलं. १९६४ मध्ये, वुकच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, परिसर नीट केला, आजूबाजूच्या जुन्या धाटणीच्या इमारती मांडल्या. १९८७ मध्ये जन्माची द्विशताब्दी आली तेव्हा आणखी बरंच काही बांधलं.

नवरा स्थापत्य अभियंता. पाटी वाचून तो म्हणाला, "मग हे नकलीच की." मी म्हटलं, "अरे, आधी आत तर चल."

आत दोनच खोल्या. पहिलीला ते घरच म्हणतात, कारण चूल तिच्यात. चूल म्हणजे जमिनीवर दगडांचा चौकोन, वर छतातून लोंबणारी लोखंडी साखळी, साखळीला काळं भांडं. धुराडं नाही. धूर वर छपरापर्यंत जातो आणि फटींमधून बाहेर पडतो. जाताना छपराखाली टांगलेलं मांस धुरवतो आणि लाकडाला कीड लागू देत नाही. चुलीपाशी गुडघ्याइतक्या उंचीचं गोल मेज आणि तीन पायांची ठेंगणी स्टुलं. तीनच पाय का, असं मी विचारणार तोच नवऱ्याने खाली बसून उत्तर दिलं. जमीन मातीची, उंचसखल. चार पायांचं स्टूल डगमगतं, तीन पायांचं कधीच नाही. नंतर तो कोपऱ्यात ओंडके एकमेकांत कसे खाचा पाडून बसवलेत ते बघत राहिला, खिळा कुठे आहे ते शोधत. मला तेवढ्या वेळात दुसऱ्या खोलीतला पाळणा, भिंतीवरचं संतचित्र आणि एकतारी गुस्ले बघून घेता आली.

गुस्ले या वाद्याबद्दल दोन वाक्यं हवीत. लाकडाची वाटी, तिच्यावर चामडं, घोड्याच्या केसांची एकच तार आणि धनुकली. हे वाजवत गायक दीर्घ वीरगीतं गातात. ही परंपरा २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. वुकने ज्यांच्याकडून गीतं उतरवून घेतली त्यांतला सर्वांत नावाजलेला फिलिप विश्निच. देवीच्या आजाराने लहानपणीच आंधळा झालेला, द्रिनेपलीकडचा. १८०९ मध्ये तो नदी ओलांडून इकडे आला आणि उठावातल्या बंडखोरांमध्ये गात फिरला. १८१० मध्ये लोझनित्सात झालेल्या लढाईवर त्याने गीत रचलं. वुकने १८१५ मध्ये स्रेममधल्या शिशातोवात्स मठात त्याला समोर बसवून गीतं लिहून घेतली. नुकताच घडलेला इतिहास, तो गाणारा आंधळा आणि ते टिपणारा लंगडा, असा तो प्रसंग.

हो, वुक लंगडा होता. विशीतच सांध्यांच्या दुखण्याने त्याचा पाय आखडला आणि पुढे आयुष्यभर कुबडी. पायामुळेच बसून वाचायला-लिहायला मिळालं, असं तो स्वतः म्हणत असे. धडधाकट असता तर बहुधा उठावात कुठेतरी मेला असता.

आणि नाव. वुक म्हणजे लांडगा. या घरात आधीची मुलं जगली नव्हती. चेटकिणी पोरं खातात, पण लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून पोराचं नावच लांडगा ठेवलं. हे ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या घराण्यात एक धोंडूआजोबा होऊन गेले, नवऱ्याच्या आजोळी दगडू. मूल जगावं म्हणून दृष्टीला बुचकळ्यात टाकणारं नाव ठेवायची युक्ती तिकडेही आणि इकडेही.

शाळेची सहल आली होती, साधारण दहा वर्षांची मुलं. बाई विचारत होत्या, वुकने अक्षरं कुणाकडून शिकली? सगळी एका सुरात ओरडली, येव्तो साविच! हा त्याचा नातलग, पंचक्रोशीतला जवळजवळ एकमेव साक्षर माणूस. कागद नसे, म्हणून काडतुसांच्या पुड्यांचा कागद. शाई नसे, म्हणून बंदुकीची दारू पाण्यात कालवून. लेखणी बोरूची. मुलांना यातलं बंदुकीच्या दारूचं तेवढं आवडलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

घराच्या आजूबाजूला धान्याचं कोठार, मक्याची कणसं वाळवायचा लाकडी पट्ट्यांचा पिंजरा, दुधाची खोली. आणि वायात. मला या सगळ्यात वायात सर्वांत आवडला. एका खोलीचं छोटं लाकडी घरकुल, चूल नसलेलं. जुन्या सर्बियन खेड्यात भाऊभाऊ, त्यांच्या बायका, मुलं एका अंगणात राहत. चूल एक, गुरं एक, शेती एक. मुलाचं लग्न झालं की त्याला अंगणात एक वायात बांधून द्यायचे. दिवसभर सगळे मोठ्या घरात, रात्री जोडपं आपल्या वायातात. हिवाळ्यात उणे दहात बिनचुलीच्या खोलीत झोपायचं म्हणजे नवीन लग्न झालेलंच हवं, असं मार्गदर्शक मुलगी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. वीस माणसांच्या खटल्यात जोडप्याला चार भिंती द्यायचं या लोकांना सुचलं, याचं मला फार कौतुक वाटलं. आमच्या आजीच्या वाड्यात हे कुणाला सुचलं नव्हतं.

आता नकलीचा मुद्दा. द्रिनेकाठची ही खेडी दर पिढीला जळत आली. इथे दोनशे वर्षं जुनं घर उभं असतं तर तेच संशयास्पद म्हणावं लागलं असतं. पुन्हा बांधलेलं घर खोटं नाही, फक्त ते स्वच्छ आहे. तक्रार करायचीच तर तेवढीच. अंगणात शेण नाही, कोंबडी नाही, चुलीत निखारा नाही. पायवाटा इतक्या नीटनेटक्या की चालताना खेड्यात असल्याचं विसरायला होतं. ओढ्याकाठच्या पाणचक्कीपाशी मात्र पाण्याचा आवाज आणि ओल्या लाकडाचा वास होता, तिथे बरं वाटलं.

खरं म्हणजे या गावातलं जे जुनं टिकलं ते गावाबाहेर गेल्यामुळे टिकलं. १८१३ मध्ये उठाव मोडला तेव्हा वुक पळून ऑस्ट्रियात गेला आणि व्हिएन्नात पोहोचला. तिथे स्लोव्हेन भाषाशास्त्रज्ञ येर्नेय कोपितार भेटला, तो सरकारी सेन्सॉर होता. त्याने वुकला हेरलं आणि लिहितं केलं. पुढच्याच वर्षी गीतांचं पहिलं पुस्तक आलं. त्यात बहुतेक बायकांची गाणी, लहानपणी ऐकलेली, आठवणीतून उतरवलेली. वुकने गीतांचे दोनच ढीग केले होते, बायकांची आणि वीरांची. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांची हजारो ओळींनी नोंद करायला हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांना विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. वुकने १८१४ मध्येच बायकांच्या गाण्यांना पुस्तकात जागा दिली. जर्मन विद्वान वेडे झाले. याकोब ग्रिमने त्याचं व्याकरण १८२४ मध्ये जर्मनमध्ये आणलं. वायमारमध्ये महाकवी गटेने त्याची भेट घेतली.

आणि त्याच काळात स्वतःच्या देशात? सर्बियाचा राज्यकर्ता मिलोश याने १८३२ मध्ये वुकच्या लिपीत पुस्तकं छापायला बंदी घातली. ही बंदी पुरती उठली १८६८ मध्ये. वुक चार वर्षांपूर्वी गेला होता.

चौथा दिवस : त्रोनोशा

तर्शिचमागच्या जंगलातून त्रोनोशा मठाकडे पायवाट जाते. बीच आणि ओकची झाडं, खाली पानांचा जाड थर. पायवाट सोपी आहे, पण पाऊस झाला असेल तर चिकणमाती बुटांना सोडत नाही.

मठ चौदाव्या शतकातला म्हणतात, राजा द्रागुतिनच्या राणीने बांधायला घेतलेला. आजचं चर्च बरंच नंतरचं, कारण हाही मठ जळत-उभारत आला. आतली भित्तिचित्रं १८३४ची आहेत. आवाराच्या तोंडाशी एक झरा आहे, नऊ युगोविच भावांचा. १३८९ मध्ये तुर्कांविरुद्धच्या कोसोवोच्या लढाईला जाताना हे नऊ भाऊ इथे पाणी प्यायले, अशी श्रद्धा. लढाई इतिहासात आहे, नऊ भाऊ गीतांमध्ये. पाणी मात्र गार आणि चवीला उत्तम, त्यामुळे आम्ही वाद न घालता बाटल्या भरून घेतल्या.

छोटा वुक इथल्या शाळेत होता. साधूंनी शिकवायच्या ऐवजी त्याला बकऱ्या राखायला लावलं. बाप स्तेफानला हे कळलं तेव्हा त्याने पोराला घरी नेलं, बकऱ्या आमच्याकडेही आहेत म्हणून. ही गोष्ट मठातच सांगतात, आणि वुकची जागा म्हणून एक खोलीही राखलीय, म्हणजे साधूंना विनोद कळतो.

मठात एक जुनी प्रथा टिकून आहे. ईस्टरच्या आधी आसपासच्या गावांतले शेतकरी दोन अजस्र मेणबत्त्या घेऊन येतात. माणसाहून उंच, शुद्ध मेणाच्या. चर्चमध्ये त्या उभ्या होत्या तेव्हा मला आधी खांबच वाटले. हा शेतकऱ्यांचा नवस आहे, पीक चांगलं यावं म्हणून. इथे कुठलीही पाटी नव्हती, प्रवेशमूल्य नव्हतं, आणि म्हणून कदाचित तर्शिचपेक्षा इथे मन जास्त रमलं. १७९१ मध्ये याच मठात योसिफ नावाच्या साधूने सर्बियन राजांची वंशावळ लिहिली. ती त्रोनोशाची वंशावळ म्हणूनच ओळखतात.

परतलो तर आजोबांच्या परसात तांब्याची भट्टी पेटलेली. प्लम महिनाभर पिंपात आंबवून ठेवलेले, आता त्याची राकिया काढायची. या दारूचं नाव श्लिवोवित्सा. २०२२ मध्ये ती बनवण्या-पिण्याच्या रिवाजांनाही युनेस्कोने यादीत घेतलं. आजोबांनी आम्हाला कामाला लावलं. भांड्यात आंबवलेला लगदा ओतायचा, झाकणाच्या सांध्यावर कणकेचा लेप द्यायचा म्हणजे वाफ निसटत नाही, मग बारीक आच. आच जास्त झाली की लगदा करपतो आणि सगळी राकिया वाया. वाफ थंड पाण्यातल्या नळीतून जाते आणि दुसऱ्या टोकाला थेंब पडू लागतात. पहिले थेंब काढून वेगळे ठेवतात, ते प्यायचे नाहीत, चोळायला वापरतात. पहिल्या उतारात कच्ची दारू येते. ती पुन्हा भट्टीत घालून दुसऱ्यांदा काढतात तेव्हा खरी राकिया. आजोबांनी बाटली हलवून दाखवली. काठाशी बुडबुड्यांची माळ किती वेळ टिकते त्यावरून ते ताकद ओळखतात. अल्कोहोल मोजायचं यंत्रही त्यांच्याकडे आहे, जर्मन बनावटीचं. ते कपाटातच असतं.

संध्याकाळी शेजारी जमले. कुणाच्या घरी कुठला संत, यावर गप्पा रंगल्या. प्रत्येक सर्बियन घराण्याचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे आलेला. त्याच्या दिवशी घर उघडं ठेवायचं, गोल भाकर आणि शिजवलेला गहू ठेवायचा, मेणबत्ती लावायची. याला स्लावा म्हणतात. वुकने कोशात याची सविस्तर वर्णनं करून ठेवली आहेत. युनेस्कोने तिची नोंद २०१४ मध्ये केली, तोवर हे लोक यादीची वाट बघत नव्हते. आजोबांच्या घरचा सेंट निकोलस, १९ डिसेंबरला. "तेव्हा या," म्हणाले, "बोलावणं द्यायचं नसतं. ज्याला आठवण आहे तो येतो."

पाचवा दिवस : तेकेरिश आणि यादारची खोरी

आजोबांचा भाचा गाडी घेऊन आला आणि आम्हाला त्सेर डोंगराकडे नेलं. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य द्रिना ओलांडून इथे शिरलं. १५-१६ ऑगस्टच्या रात्री तेकेरिशजवळ लढाई सुरू झाली आणि काही दिवसांत सर्बियन सैन्याने त्यांना परत नदीपार हाकललं. पहिल्या महायुद्धातला मित्रराष्ट्रांचा हा पहिला विजय. सेनापती स्तेपा स्तेपानोविचला याच लढाईसाठी वोयवोदा, म्हणजे सेनेतली सर्वोच्च पदवी, मिळाली. तेकेरिशला १९२८ मध्ये उभारलेलं स्मारक आहे. त्यावर एक ओळ : तुमची कृत्ये अमर आहेत. आणि याच दिवसांत खोरीतल्या गावांमधून निःशस्त्र माणसं मारली गेली. लेश्नित्सात शंभराहून अधिक गावकऱ्यांना गोळ्या घातल्या. स्विस गुन्हेतज्ज्ञ आर्चिबाल्ड राइस याने नंतर गावोगाव फिरून या नोंदी केल्या. व्हिएन्नात राहणाऱ्या आम्हाला हे वाचताना अवघडल्यासारखं झालं. भाच्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो दर उन्हाळ्यात साल्झबुर्गजवळच्या हॉटेलात काम करतो.

परतताना त्याने गाडी गोर्न्ये नेदेल्यित्से गावाकडे वळवली. २००४ मध्ये या खोरीत एक नवं खनिज सापडलं, नदीवरून त्याचं नाव यादाराइट. त्यात लिथियम आहे, बॅटऱ्यांना लागणारं. रिओ टिंटो कंपनीला इथे खाण काढायची होती. २०२१ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, देशभरचे महामार्ग अडवले. २०२२ च्या जानेवारीत सरकारने परवाने रद्द केले. २०२४ च्या जुलैमध्ये न्यायालयाच्या निकालानंतर प्रकल्प पुन्हा मार्गी लावला, तर ऑगस्टमध्ये बेलग्रेडचे रस्ते परत भरले. आम्ही पाहिली ती विकलेली घरं. कौलं उतरवलेली, दारं-खिडक्या काढून नेलेली, अंगणात गवत. मध्येच एखादं राहतं घर, फाटकावर विरोधाचा फलक, मागे मधमाश्यांच्या पेट्या.

"वुकचं घर तुर्कांनी जाळलं म्हणून सगळी शाळा सहलीला येते," भाचा म्हणाला. "या घरांची सहल कोण काढणार?" मग त्याने गिअर टाकला आणि बस चुकेल म्हणून घाई केली. मला वाटतं, वारसा नुसता तर्शिचच्या पाट्यांवर नाही, तो या खोरीतल्या उभ्या राहिलेल्या घरांतही आहे. आणि त्याचं काय होणार ते अजून ठरायचंय.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. भारतीय पासपोर्टला १ जानेवारी २०२३ पासून सर्बियाचा व्हिसा लागतो. वैध शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा व्हिसा असेल तर तो लागत नाही, ९० दिवसांपर्यंत राहता येतं. लोझनित्सापर्यंत बेलग्रेडहून भरपूर बसेस आहेत. तिथून तर्शिच जेमतेम सात किलोमीटर, टॅक्सी स्वस्त. साबोरच्या दिवसांत राहायला खोली मिळणं कठीण, तेव्हा बोलणं आधीच करून ठेवा. गर्दी नको असेल तर ऑक्टोबर उत्तम, भट्ट्याही पेटलेल्या असतात. आणि मुरांब्याचा एकच चमचा.